सुईणीची हजेरी



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलाविले, तेव्हा आम्ही विडी कामगारांच्या मजुरीवर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही विषय कळविला तो घरच्या बाळंतपणाचा. चार दिवस काही उत्तर आले नाही. मग एक तरुण चालक घरी आले आणि मोठ्या अदबीने म्हणाले, "काका, विषय जरा बायकांचा आहे." आम्ही म्हटले, "बाबा रे, जन्माला तर आपण सगळेच आलो आहोत." ते हसले, आणि त्यांच्या हसण्याच्या बळावर आम्ही आज आपल्यापुढे उभे आहोत.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या कपाटाने केले. तेव्हा वैद्यकातले काही चुकीचे बोललो, तर समोर डॉक्टर आणि नर्सताई बसल्या आहेत, त्यांनी नंतर खुशाल कान धरावा. आणखी एक खुलासा. आम्ही 'मी' न म्हणता 'आम्ही' म्हणतो, तो थोरवीपोटी नव्हे. तीस वर्षे मालकांना निवेदने लिहिता लिहिता 'मी' हा शब्द हाताखालून गेला तो गेलाच.

आमचा जन्म १९७२ च्या दुष्काळातला. घर या राजूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतले. त्या साली भात पदरात पडले नाही. आई-वडील संगमनेरच्या बाजूला दुष्काळी कामावर खडी फोडावयास गेले. आईचे दिवस भरत आले होते. पण दिवस भरलेली बाई हातोडा घेऊन बसते यात त्या काळी कोणाला नवल वाटत नसे. एके दिवशी भर दुपारी कळा सुरू झाल्या. कामावर शेकडो माणसे, आणि आडोसा म्हणावा असे एक झाडही जवळ नाही. तेव्हा चौघी बायकांनी लुगडी धरून भिंत केली. एकीने आईची पाठ आपल्या छातीशी घेतली. एकीने तीन दगडांवर पाणी चढविले. आणि एक म्हातारी पुढे बसली. ती आमच्या गावची नव्हे, नात्याची नव्हे, जातीची तर नव्हेच. तिने आम्हांला या जगात उतरवून घेतले. नाळ कापली ती कोणाच्या तरी पिशवीतल्या दाढीच्या कोऱ्या पात्याने. ते पाते कोरे होते हे आमचे केवढे भाग्य, ते पुढे सांगतो.

संध्याकाळी मुकादमाने हजेरी घेतली. आईची अर्धी हजेरी कापली. एक वेळ तेही सोडून देऊ. पण त्याने त्या म्हातारीचीही अर्धी कापली, कारण दुपारनंतर तिच्या ढिगात खडी पडली नव्हती. ती म्हणाली, "मग दुपारभर मी काय निजले होते?" मुकादम म्हणाला, "ते काम सरकारचे नव्हे."

दुसऱ्या दिवशी बायकांनी काय केले? प्रत्येकीने आपल्या ढिगातली दोन पाट्या खडी त्या म्हातारीच्या ढिगात नेऊन टाकली. कोणी ठराव मांडला नाही, कोणी अनुमोदन दिले नाही. आम्ही पुढे पुष्कळ सभा घेतल्या, पण इतकी बिनबोभाट झालेली कारवाई आम्ही पाहिली नाही.

मुकादमाचे ते वाक्य आमच्या मनात घर करून राहिले आहे. बाळंतपण हे काम आहे की नाही? ते करणाऱ्या बाईचे काम तर आहेच, पण तिच्यापाशी रात्रभर बसणाऱ्या बाईचे काम हेही काम आहे की नाही? असेल, तर त्याची हजेरी कोणी लावावयाची? आजचे आमचे सारे बोलणे या एका प्रश्नाभोवतीचे आहे.

आपल्या या डांगाणात घरचे बाळंतपण कसे होत असे, हे येथल्या आयाबायांना आम्ही सांगणे म्हणजे आजोळच्या गोष्टी आजीला सांगणे होय. पण तरुण मुले बसली आहेत, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कळा लागल्या की पहिला निरोप सुईणीला. ती येईपर्यंत शेजारीण थोरल्या पोरांना आपल्या घरी घेऊन जाई. सासू चुलीवर पाणी ठेवी. नवऱ्याकडे लाकडे फोडण्याचे काम, आणि ती फोडून झाली की ओट्यावर बसून विड्या ओढण्याचे. सुईण आली की आधी हात लावीत नसे, बोलत बसे. बाईला घरातल्या घरात चालवी, कमरेला तेल चोळी, पोटावर हात ठेवून पोराचे डोके कोठे आहे ते सांगे. काही घरांत आढ्याला दोर बांधीत. त्याला धरून बाई उकिडवी बसे आणि मागून दुसरी तिला कवेत घेई. रात्र रात्र जाई. घाई कोणाला नसे. मधूनमधून नागलीची पेज, आणि पुरुषांच्या कानावर पडू नयेत असे विनोद. मूल पायाकडून आले तर पायाळू. पायाळू माणसाला जमिनीतले पाणी कळते आणि वीज त्याच्यावर पडते, असे म्हणत. पाण्याचे खरे असते तर आपल्या तालुक्यात विहिरी खणणाऱ्यांचे बरेच पैसे वाचले असते!

बाळ आले, वार पडली, नाळ कापली, बाळ-बाळंतीण न्हाऊमाखू घातली, तरी सुईणीचे काम संपत नसे. पुढचे कितीतरी दिवस ती रोज येई. बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घाली, आईचे पोट बांधी, बाजेखाली शेगडी ठेवी, ओवा-शेपेची धुरी देई. पाचव्या दिवशी सटवीची पूजा झाली की तिचा मान. हा मान म्हणजे काय? शेर-दोन शेर दाणे, नारळ, आणि मुलगा झाला तर लुगडे, मुलगी झाली तर खण. आम्ही मजुरीचे दर ठरविण्यात जन्म घालविला, पण या दरपत्रकाचा हिशेब आम्हांला आजवर लागला नाही. कळा तेवढ्याच, रात्र तेवढीच, आणि मोबदला मात्र मालाच्या जातीवर!

जातीचे नाव निघाले म्हणून आणखी एक. डोंगरातल्या आदिवासी वाड्यांत सुईण बहुधा आपल्यातलीच एखादी जाणती बाई असे. पण खाली पठारावरच्या बऱ्याच गावांत हे काम मांगवाड्यातल्या बायकांकडे होते. एरवी जिला ओसरीची पायरी चढू देत नसत, तिला त्या रात्री थेट माजघरात नेत. पोर तिच्या हातात, नाळ तिच्या हातात, घराण्याचा वंश तिच्या हातात. बारसे झाले की ती पुन्हा अंगणात. जोतिराव फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मुलीने १८५५ साली मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. आपल्या जातीच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, ही गोष्ट तिने त्यात सांगितली आहे. दुसऱ्यांच्या घरी बाळंतपणे करणाऱ्यांना स्वतःच्या बाळंतपणाला घर नव्हते. पुढे १८६३ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात फसविल्या गेलेल्या विधवांसाठी बाळंतपणाची सोय केली. 'घरचे बाळंतपण' म्हणताना आम्हांला ते घर आठवते. जिला माहेर-सासर दोन्ही तुटले, तिच्यापाशी तेथे सावित्रीबाई होत्या.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर आम्ही खोटे बोललो असे होईल.

१९८६ साली, आवणीच्या दिवसांत, आमची थोरली वहिनी घरी बाळंत झाली. सुईण चांगली, हाताला यश असलेली. मुलगी झाली, रडली. पण वार पडेना, आणि रक्त थांबेना. सुईण काही वेळ खटपट करून बाहेर आली आणि आमच्या भावाला म्हणाली, "दादा, आता हे माझ्या हातातले नाही. हलवा." घोंगडीची झोळी केली, बांबू घातला, इरली घेतली आणि आम्ही सहा जण निघालो. ओढ्याला पाणी आले होते. आम्ही काठावर उभे राहिलो. पाणी उतरले तेव्हा उजाडले होते, आणि वहिनी काठाच्या अलीकडेच गेली होती. बाळंतपणातला रक्तस्राव दोन तासांत बाईला नेऊ शकतो, हे आम्ही नंतर पुस्तकात वाचले. आम्ही ते ओढ्याच्या काठी पाहिले होते. ती मुलगी आईने वाढविली. आज तिला दोन मुले आहेत, दोन्ही दवाखान्यात झालेली, आणि तसेच व्हावे असा आमचा आग्रह होता.

लोक म्हणाले, सुईणीने मारली. तिचे काय चुकले होते? आपल्या हाताची हद्द कोठे संपते हे तिला कळले आणि तिने ते वेळेवर सांगितले. पूल बांधणे तिच्या हाती नव्हते.

पण जेथे खरोखर सुईणीच्या हाताने पोरे दगावली, तेही सांगावयास हवे. विळ्याने नाळ कापायची, नाळेवर शेण किंवा राख लावायची, आणि आठव्या दिवशी पोर धनुर्वाताने ताठ व्हायचे. लोक म्हणत, सटवीने नेले. आम्ही कोऱ्या पात्याचे भाग्य म्हणालो ते यासाठी. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, कोरे पाते, स्वच्छ दोरा, आणि नाळेला काही न लावणे: एवढ्या पाच गोष्टी सुईणींना शिकविल्या आणि गरोदर बाईला धनुर्वाताची लस दिली, तर ही मरणे थांबतात. ती थांबली. २०१५ साली माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे आपल्या देशातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. या गोष्टीची मिरवणूक काही निघाली नाही.

सुईणीला घाणेरडी म्हणणाऱ्यांसाठी एक परदेशची हकीकत सांगतो. व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात १८४० च्या सुमारास बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात शंभरात दहाच्या आसपास बायका तापाने मरत, सुइणींच्या विभागात चारच्या आसपास. बायका पाया पडून म्हणत, आम्हांला सुइणींकडे पाठवा. सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टरने कारण शोधले. डॉक्टर मंडळी प्रेते फाडून तसेच बाळंतिणीकडे येत होती. १८४७ साली त्याने सगळ्यांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्यास लावले आणि मरणे झपाट्याने उतरली. मोठ्या डॉक्टरांना त्याचा फार राग आला. आपले हात घाणेरडे आहेत हे ऐकून घेणे कोणालाच जड जाते. शिकलेल्याला जरा अधिक.

तेव्हा घर चांगले की दवाखाना, असा सरळ वाद आम्हांला मान्य नाही. १९९२-९३ च्या पाहणीत देशातल्या शंभर बाळंतपणांपैकी सुमारे सव्वीस दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा एकोणनव्वदच्या घरात गेला आणि आपल्या महाराष्ट्रात पंचाण्णवच्या जवळ. यामुळे किती वहिन्या वाचल्या असतील! २००५ पासून गावोगावच्या आशाताईंनी दारोदार फिरून, रात्री-अपरात्री गाडीत बसून हे केले आहे. आम्ही त्याविरुद्ध एक अक्षर बोलणार नाही.

आमची तक्रार वेगळी आहे. बाई घरातून दवाखान्यात गेली. पण तिच्या पाठीवरचा हात घरीच राहिला.

आमच्या पहिल्या मुलीच्या वेळी आम्ही पत्नीला एका दवाखान्यात नेले. बरोबर आमची आई होती, जिने आयुष्यात वीस-पंचवीस बायकांची पाठ धरली असेल. तिला दारात अडविले. आत पत्नी एकटी. ओरडली तेव्हा मांडीवर चापट बसली आणि एक वाक्य ऐकावे लागले, जे या सभेत उच्चारणे शोभणार नाही. मूल सुखरूप झाले, पत्नी सुखरूप आली. त्याबद्दल आम्ही आजही ऋणी आहोत. पण बाहेरच्या बाकावर बसलेली आमची आई एकच म्हणत होती, "आत कोणी आहे का रे तिच्यापाशी?" आत पुष्कळ जणी होत्या. पाशी कोणी नव्हते.

कळांच्या वेळी सोबत असलेल्या बाईला कळा कमी वेळ सोसाव्या लागतात आणि तिच्यावर शस्त्रक्रियेची पाळी कमी येते, हे आता अनेक देशांतल्या चाचण्यांनी दिसून आले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली, बाई म्हणेल ते माणूस सोबतीला असू द्यावे, असे सांगितले. आपल्या केंद्र सरकारने तर २०१६ सालीच सरकारी दवाखान्यांत अशा सोबतीला परवानगी दिली. कागद आला आहे. दार किती ठिकाणी उघडले, ते येथे बसलेल्या बायकांना विचारावे.

हॉलंड देशात आजही कितीतरी बायका घरीच बाळंत होतात. पण तेथली सुईण चार वर्षे शिकलेली असते, तिच्या पेटीत औषध असते, आणि पंधरा-वीस मिनिटांवर दवाखाना असतो. बाळंतपणानंतर आठवडाभर एक प्रशिक्षित बाई घरी येते, बाळाला आंघोळ घालते, आईला जेवू घालते, आणि तिचे पैसे विम्यातून मिळतात. म्हणजे आमच्या सुईणीचेच काम, फक्त हजेरी लागलेले! हल्ली पुण्या-मुंबईच्या काही शिकलेल्या कुटुंबांत घरी बाळंत होण्याची हौस आली आहे असे ऐकतो. ज्याच्या दारात मोटार उभी आहे त्याने ती जरूर करावी. घाटघर-कुमशेतच्या बाईला घर हे हौसेने मिळत नाही, रस्ता बंद झाला म्हणून मिळते.

फार दूरही जावयास नको. आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. त्यांनी गावोगावच्या अक्षरशत्रू बायकांना, त्यांतल्या कित्येक दलित वस्तीतल्या, आरोग्याचे काम शिकविले. निर्जंतुक पाते आणि दोरा घेऊन त्या घरी बाळंतपणे करीत आणि कोणती बाई दवाखान्यात धाडावयाची ते ओळखीत. तिकडे गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनी गावच्याच बायकांना घरी जाऊन नवजात बाळ सांभाळण्यास शिकविले. तेथे तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू बासष्ट टक्क्यांनी उतरले. १९९९ साली हे 'लॅन्सेट' या विलायती नियतकालिकात छापून आले तेव्हा मोठमोठ्यांनी डोळे चोळून पाहिले. दोन्हीकडे बाई गावचीच होती. तिला शिकविले, पेटी दिली आणि विश्वास टाकला.

आता आमच्या धंद्याच्या गोष्टीकडे येतो.

बाळंत होणाऱ्या कामगार बाईला पगारी विश्रांती मिळावी म्हणून नारायण मल्हार जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणले. ते नामंजूर झाले. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात हाच प्रश्न आला तेव्हा डॉक्टर आंबेडकर त्याच्या बाजूने उभे राहिले. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली मुंबई इलाख्याचा कायदा झाला, १९६१ साली देशाचा, आणि २०१७ साली रजा सव्वीस आठवड्यांची झाली. पण हे सारे कारखान्यातल्या आणि कचेरीतल्या बाईसाठी. संगमनेर-अकोल्याच्या विडी कामगार बायका घरी बसून विड्या वळतात. सूप मांडीवर, त्यात पाने आणि तंबाखू, आणि पोटात पोर. मालक म्हणत, ती घरी बसली आहे, ती कामगार कशी? १९६६ च्या विडी-सिगार कायद्याने त्याला उत्तर दिले. घरखात्याची बाईही कामगार ठरली. घर हेही कामाचे ठिकाण आहे, हे कायद्याच्या तोंडून वदवून घेण्यास आमच्या आधीच्या पिढीला किती खस्ता खाव्या लागल्या, ते त्यांचे त्यांनाच ठाऊक.

सुईणीच्या बाबतीत ते कोणी वदवून घेतले नाही. सरकारने १९७० च्या दशकात दायांना शिबिरांत शिकविले, पेट्या दिल्या. पुढे दवाखान्यातल्या बाळंतपणाचे धोरण आले आणि त्या घरी बसल्या. गिरणी बंद पडली तर निदान नोटीस लागते. यांना नोटीस नाही, हिशेब नाही, कारण त्या कामावर होत्या असे कोठे लिहिलेलेच नव्हते. २०१८ साली सरकारने परिचारिकांना अठरा महिन्यांचे प्रशिक्षण देऊन सुईणपणात तरबेज करण्याचे ठरविले. फार चांगले. पण ज्यांच्याकडून ही विद्या आली त्यांना त्या वर्गात एक दिवस तरी बोलवावे, असे आम्हांला वाटते.

आणि आशाताई? त्यांचे नाव 'स्वयंसेविका'. स्वयंसेविका म्हटले की पगार द्यावा लागत नाही, कामागणिक मोबदला दिला की झाले. २०२१ आणि २०२३ साली महाराष्ट्रातल्या आशाताई संपावर गेल्या, तेव्हा काही भले लोक म्हणाले, सेवेच्या कामात संप कसला? आम्हांला मुकादम आठवला. तो म्हणत होता, हे काम सरकारचे नव्हे. हे म्हणतात, हे काम पैशाचे नव्हे. हजेरी दोघेही कापतात.

म्हणून आमचे मागणे लहान आहे. ग्रामीण रुग्णालयात बाळंतपणाच्या खोलीत बाईला हवी ती सोबतीण जाऊ द्यावी. वाडीतली जुनी सुईण आशाताईंच्या बरोबर आली, तर तिला बाकावर न बसविता आत घ्यावे. तिने औषधाला हात लावू नये, पाठीला लावावा. आणि त्या रात्रीची तिला रोजगार हमीच्या दराने पूर्ण हजेरी द्यावी. पावसाळ्याचे चार महिने वरच्या वाड्यांतल्या दिवस भरलेल्या बायकांची रस्त्याजवळ राहण्याची सोय करावी, सोबतिणीसकट. हे निवेदन तयार आहे.

त्याला यादी जोडावयाची आहे. कोणत्या वाडीत कोणती सुईण हयात आहे, हे सरकारच्या कोणत्याही वहीत आम्हांला सापडले नाही. आम्ही आईला पुष्कळदा विचारले, की त्या खडीच्या कामावरच्या म्हातारीचे नाव काय होते? आईला तिच्या हातातल्या काचेच्या हिरव्या बांगड्या आठवतात, नाव आठवत नाही. एक वही आणली आहे. ती बाहेर पडवीतल्या टेबलावर ठेवली आहे, दोन कॉलेजच्या मुली लिहून घेण्यास बसल्या आहेत. जाताना आपल्या गावचे नाव सांगावे, आणि तिचे.